ग्रंथरक्षकांचा डोंगराळ देश : आर्मेनिया

काळा समुद्र आणि कॅस्पियन समुद्र यांच्यामध्ये, कॉकेशस पर्वतरांगांच्या दक्षिणेस आर्मेनिया हा लहानसा देश वसलेला आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २९,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या एक दशांशाहूनही थोडे कमी. लोकसंख्या तीस लाखांच्या घरात. समुद्रकिनारा नाही आणि सपाट जमीनही फारशी नाही. ज्या अरारात पर्वताला हे लोक आपले दैवत मानतात, तोही आज सीमेपलीकडे तुर्कस्थानात आहे. राजधानी येरेवानमधून त्याची हिमाच्छादित शिखरे रोज दिसतात, पण तेथे जाण्याचा सरळ मार्ग नाही.

युरोपच्या सहलीला निघणाऱ्या आपल्या कुटुंबांच्या यादीत या देशाचे नाव क्वचितच असते. तरीही व्यापारी परंपरेच्या जैन वाचकाला आर्मेनियाशी ओळख करून घ्यावीशी वाटेल, अशी एक गोष्ट तेथे आहे. हा व्यापार करणाऱ्या आणि ग्रंथ सांभाळणाऱ्या लोकांचा देश आहे. तेथील संग्रहालये, मठ, अरण्ये आणि सरोवरे पाहताना ‘आपण काय राखले आणि कसे राखले?’ हा प्रश्न पुनःपुन्हा समोर उभा राहतो.

मातेनादारान : ग्रंथांचे मंदिर

येरेवानच्या मुख्य रस्त्याच्या टोकाला, टेकडीच्या पायथ्याशी करड्या दगडाची एक भव्य वास्तू उभी आहे. तिचे नाव मातेनादारान. जुन्या आर्मेनियन भाषेत या शब्दाचा अर्थ होतो ग्रंथांचे भांडार. आपल्याकडील ‘ज्ञानभांडार’ किंवा ‘शास्त्रभांडार’ या शब्दांचा हा जणू सख्खा भाऊच. वास्तूसमोर मेस्रोप माश्तोत्स यांचा बसलेला पुतळा असून त्यांच्यापुढे शिष्य कोर्युन नम्रपणे वाकलेला आहे. माश्तोत्स यांनी इ. स. ४०५ च्या सुमारास आर्मेनियन भाषेसाठी ३६ अक्षरांची लिपी सिद्ध केली. पुढे मध्ययुगात तीत दोन अक्षरांची भर पडली. आज शाळेत जाणारे मूल तीच लिपी गिरवते. एखाद्या राष्ट्राने आपल्या सर्वांत मोठ्या ग्रंथसंग्रहाला लिपिकर्त्याचे नाव द्यावे आणि त्याच्या मूर्तीपुढून आत जावे, हे दृश्य श्रुतभक्तीचे संस्कार झालेल्या मनाला परके वाटत नाही.

या भांडारात सुमारे सतरा हजार हस्तलिखिते आहेत. धर्मशास्त्र, इतिहास, वैद्यक, गणित, ज्योतिष, काव्य असे अनेक विषय त्यांत आहेत. काही प्राचीन ग्रीक ग्रंथांची मूळ संहिता काळाच्या ओघात नष्ट झाली आणि त्यांचे आर्मेनियन भाषांतर तेवढे उरले. १९९७ साली युनेस्कोने या संग्रहाची नोंद ‘जागतिक स्मृती’च्या यादीत केली.

दर्शनी दालनात एक प्रचंड ग्रंथ ठेवलेला आहे. ‘मुशचा प्रवचनसंग्रह’ या नावाने तो ओळखला जातो. १२०० ते १२०२ या काळात लिहिलेल्या या ग्रंथाचे वजन सुमारे २८ किलो भरते. त्याचा पहिला धनी मारला गेला आणि ग्रंथ परक्यांच्या हाती पडला. तेव्हा मुश परिसरातील मठवासीयांनी आणि सामान्य लोकांनी वर्गणी जमवून, ४००० चांदीची नाणी मोजून तो सोडवून आणला, असे त्याच्या इतिहासात नमूद आहे. माणसांना खंडणी देऊन सोडवल्याच्या कथा आपण ऐकतो. येथे गावोगावच्या लोकांनी एका ग्रंथासाठी खंडणी दिली.

या घटनेला सातशे वर्षे लोटली. १९१५ साली ऑटोमन साम्राज्यात आर्मेनियन लोकांची भीषण कत्तल सुरू झाली. लक्षावधी माणसे मारली गेली किंवा वाळवंटात हाकलली गेली. त्या धावपळीत दोन स्त्रियांना उद्ध्वस्त मठात हा ग्रंथ सापडला, असे सांगतात. एकीला तो उचलणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी त्याचे दोन भाग केले. एक भाग एचमियादझिनच्या धर्मपीठापर्यंत सुखरूप पोहोचला. दुसरा एर्झुरुम येथील मठाच्या आवारात पुरून ठेवला गेला. पुढे तो सापडला आणि दोन्ही भाग पुन्हा एकत्र आले. त्या स्त्रियांची नावे कोठे नोंदलेली नाहीत. घरदार सोडून जीव वाचवण्यासाठी निघालेल्या या बायांनी बरोबर अन्नाची शिदोरी किती घेतली होती, कोण जाणे; ग्रंथ मात्र घेतला होता.

या दालनात जैन वाचकाला अस्वस्थ करणारीही एक बाब आहे. हा ग्रंथ चर्मपत्रावर लिहिलेला आहे आणि त्यासाठी शेकडो वासरांची कातडी वापरली गेली. चित्रांमधील गडद किरमिजी रंगासाठी अरारातच्या पठारावर गवताच्या मुळांशी राहणारे किडे चिरडले जात. आपल्या पूर्वजांनी ताडपत्र आणि कागद यांवर शास्त्रे लिहिली आणि तांबड्या अक्षरांसाठी हिंगूळ वापरला. त्यामागची दृष्टी येथे अधिक स्पष्टपणे उमगते. तरी इतिहास इथेच थांबत नाही. त्या किरमिजी किड्याचा अधिवास शेतीमुळे आक्रसत गेला, तेव्हा आर्मेनियाने त्याच्यासाठी खास संरक्षित क्षेत्र राखून ठेवले. ज्या जीवाला रंगासाठी मारले जात होते, त्याच सूक्ष्म जीवासाठी आज जमीन राखली जाते. याला अभयदानाचा एक प्रकार म्हणता येईल.

‘स्मरणलेख’ आणि प्रशस्ती

आर्मेनियन हस्तलिखितांच्या शेवटी लेखनिकाने लिहिलेला एक मजकूर असतो. त्याला ‘हिशाताकारान’, म्हणजे स्मरणलेख म्हणतात. हा ग्रंथ कोणी लिहिला, कोणाच्या द्रव्याने लिहिला, त्या वर्षी दुष्काळ होता की परचक्र आले होते, थंडीने शाई गोठली होती की काय, हे सारे त्यात नोंदलेले असते. शेवटी वाचकाला विनंती असते की लिहिणाऱ्याची आणि लिहवून घेणाऱ्याची आठवण ठेवा. इतिहासकारांना त्या काळाची कितीतरी माहिती राजदरबारच्या बखरींपेक्षा या ओळींतून मिळाली आहे.

जैन ग्रंथांच्या शेवटी येणारी प्रशस्ती याच जातीची आहे. अमुक नगरातील अमुक श्रेष्ठीने, आपल्या मातापित्यांच्या श्रेयासाठी, पत्नी आणि पुत्रांसह हे शास्त्र लिहवून अमुक मुनींना अर्पण केले, अशा नोंदी पाटण, जैसलमेर, कारंजा, मूडबिद्री येथील भांडारांत आढळतात. आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चार दानांपैकी शास्त्रदान हे व्यापाऱ्याच्या मिळकतीचे ज्ञानात झालेले रूपांतर होते. एकमेकांना न भेटलेल्या दोन समाजांनी, हजारो मैलांच्या अंतरावर, ग्रंथाच्या अखेरच्या पानावर जवळजवळ सारखाच मजकूर लिहावा, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे.

जुल्फाचे व्यापारी आणि सुरतेची वाट

आर्मेनियन व्यापाऱ्यांचे मूळ नगर जुल्फा हे आराक्स नदीच्या काठी होते. रेशमाच्या व्यापारावर ते भरभराटीस आले. १६०४-०५ च्या सुमारास इराणचा शाह अब्बास याने हे नगर ओस पाडून तेथील लोकांना इस्फहानजवळ नेले. तेथे त्यांनी ‘नवे जुल्फा’ वसवले आणि तेथूनच त्यांचे आडतिये पश्चिमेस व्हेनिस, ॲम्स्टरडॅमपर्यंत आणि पूर्वेस भारत व तिबेटपर्यंत पोहोचले. मालकाचे भांडवल, आडतियाचे श्रम आणि नफ्यात ठरलेला वाटा, अशी ही रीत होती. शब्दाची पत आणि हिशेबाची वही यांवर सारा कारभार चाले. आपल्या पेढ्यांची जुनी रीत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ती अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

यांपैकी होव्हानेस जुघायेत्सी या आडतियाची १६८२ ते १६९३ या काळातील खातेवही सुदैवाने उरली आहे. तो सुरतेला उतरला, आग्र्याला गेला, कापड आणि निळीची खरेदी-विक्री केली, पाटण्यावरून नेपाळमार्गे ल्हासाला पोहोचला आणि तेथे काही वर्षे राहिला. गावोगावची वजने, मापे, नाण्यांचे भाव आणि खर्चाचा पै-पैचा हिशेब त्याने टिपून ठेवला. आज ही वही पोर्तुगालमधील लिस्बन येथे आहे. येरेवानच्या अभ्यासकांनी ती १९८४ साली छापून प्रसिद्ध केली. सतराव्या शतकातील भारतीय बाजारपेठांचा अभ्यास करणाऱ्यांना ही वही मोलाची वाटते. ज्या सुरतेत काही दशके आधी विरजी व्होरांसारख्या जैन सावकाराची पेढी गाजली होती, त्याच बाजारातून हा आर्मेनियन आडतिया फिरत होता.

भारतात या समाजाच्या खुणा अजून आहेत. कोलकात्याचे आर्मेनियन चर्च १७२४ सालचे आहे. जगातील पहिले आर्मेनियन नियतकालिक ‘अझ्दारार’ १७९४ साली मद्रासमधून निघाले. मुंबईच्या फोर्ट भागात, पूर्वीच्या मेडोज स्ट्रीटवर, १७९६ साली स्थापन झालेले आर्मेनियन चर्च आहे. रोज त्या गल्लीतून जाणाऱ्या आपल्या व्यापारी बंधूंपैकी किती जणांची नजर त्याकडे गेली असेल?

व्यवहारातील आणखी एक नाते शब्दाचे आहे. आर्मेनियाच्या चलनाचे नाव ‘द्राम’. ग्रीक ‘द्राख्मा’ या नाण्यावरून ते आले. आपल्या शिलालेखांतील ‘द्रम्म’ आणि मराठीतील ‘दाम’ या शब्दांचेही मूळ तेच.

दगडात कोरलेले मठ

येरेवानपासून पूर्वेस सुमारे ४० किलोमीटरवर आझात नदीच्या दरीत गेघार्दचा मठ आहे. तेराव्या शतकात येथील काही दालने अखंड खडक वरून खाली कोरत नेऊन तयार केली गेली. छताच्या मध्यभागी ठेवलेल्या झरोक्यातून तेवढा प्रकाश आत येतो. वेरूळच्या इंद्रसभेत उभे राहून ज्याने खांब, छत आणि मूर्ती एकाच खडकातून उमललेल्या पाहिल्या आहेत, त्याला येथील कारागिराचा धीर लगेच जाणवेल. एक चुकीचा घाव पडला की तो दुरुस्त करता येत नाही. वाटेवर गार्नीचे ग्रीक-रोमन धाटणीचे मंदिर लागते. १६७९ च्या भूकंपात ते कोसळले आणि विखुरलेले दगड जुळवून १९७५ पर्यंत पुन्हा उभे करण्यात आले. मंदिराखालच्या दरीत लाव्हारस थिजून तयार झालेले षट्कोनी खांब पंक्तीने लटकल्यासारखे दिसतात. लोक त्यांना ‘दगडांची सिंफनी’ म्हणतात.

उत्तरेकडे लोरी प्रांतात देबेद नदीच्या खोल दरीकाठी हाघपात आणि सानाहिन हे दोन मठ समोरासमोर आहेत. सानाहिन या नावाचा लोकांनी लावलेला अर्थ मोठा गमतीचा आहे : ‘हे त्याहून जुने’. दोन्ही मठ जागतिक वारशाच्या यादीत आहेत. सानाहिन येथे १०६३ साली एका राजकन्येने स्वतंत्र ग्रंथागार बांधून दिले. जाड भिंती, लहान प्रवेशद्वार आणि कमानींवर तोललेले छत अशी त्याची रचना आहे. परचक्राची चाहूल लागली की मठातील ग्रंथ आसपासच्या गुहांत लपवले जात. जैसलमेरच्या किल्ल्यातील तळघराची आठवण येथे होते.

जागोजागी दिसणारा ‘खाचकार’ हा या देशाचा खास वारसा आहे. ‘खाच’ म्हणजे क्रूस आणि ‘कार’ म्हणजे दगड. उभ्या शिळेवर मधोमध क्रूस आणि भोवती जाळीदार वेलबुट्टी असते. कोणत्याही दोन शिळा सारख्या नसतात. २०१० साली युनेस्कोने या कलेला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. सेवान सरोवराजवळच्या नोरातुस गावी अशा शेकडो शिळा एका माळावर उभ्या आहेत. याहून मोठा समूह जुन्या जुल्फाच्या स्मशानभूमीत होता. तो भाग आज अझरबैजानच्या नाखिचेवान प्रदेशात मोडतो. १९९८ ते २००६ या काळात तेथील हजारो शिळा फोडून टाकण्यात आल्या आणि जागा सपाट करण्यात आली. ज्यांच्या आडतियांनी सुरत आणि ल्हासा पाहिले, त्या व्यापाऱ्यांच्या पूर्वजांच्या समाध्या आता छायाचित्रांतच उरल्या आहेत. त्या व्यापाऱ्यांच्या वह्या आणि ग्रंथ मात्र शिल्लक आहेत, कारण ते हलवता आले आणि कोणीतरी ते हलवले.

सरोवर, अरण्य आणि राखलेली शिस्त

समुद्रसपाटीपासून सुमारे १९०० मीटर उंचीवरील सेवान सरोवर हा या देशाचा जलसाठा आहे. सोव्हिएत काळात वीज आणि शेतीसाठी त्यातून इतके पाणी उपसले गेले की पातळी सुमारे २० मीटरने खाली गेली. सेवानावांक हा नवव्या शतकातील मठ बेटावर होता. पाणी ओसरल्यावर ते बेट किनाऱ्याला जोडले गेले. आज यात्रेकरू कोरड्या पायांनी तेथे जातात. त्यांना मिळालेली ही सोय हेच सरोवराचे नुकसान आहे. पुढे चूक लक्षात आली. डोंगर पोखरून आर्पा नदीचे पाणी सरोवरात वळवणारा बोगदा १९८१ साली सुरू झाला आणि पातळी हळूहळू सावरू लागली. भांडवलच खर्चात टाकले की पेढीची काय अवस्था होते, हे आपल्याला ठाऊक आहे. सेवानने तोच धडा पाण्याच्या रूपाने दिला.

गार्नीच्या पुढे खोसरोव्हचे संरक्षित अरण्य पसरले आहे. चौथ्या शतकात राजा खोसरोव्हने ते शिकारीसाठी लावून राखले, अशी परंपरा आहे. १९५८ पासून तेथे प्राण्यांना कायद्याचे संरक्षण आहे आणि अतिशय दुर्मिळ झालेला कॉकेशियन बिबट्याही त्या कडेकपारींत वावरतो. शिकारीसाठी वाढवलेले रान अभयारण्य झाले, ही वार्ता आपल्या वाचकांना सुखावेल.

दक्षिणेकडील ततेव मठाकडे जाण्यासाठी २०१० पासून ५.७ किलोमीटर लांबीचा रज्जुमार्ग आहे. व्होरोतान नदीची दरी तो एका दमात ओलांडतो. घरातील ज्येष्ठांनाही तेथे सहज पोहोचता येते.

जाणाऱ्या कुटुंबांसाठी

मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने सुखकर असतात. जूनमध्ये येरेवानला सूर्यास्त रात्री साडेआठच्या सुमारास होतो. त्यामुळे चौविहार पाळणाऱ्यांना दिवसभर फिरूनही वेळ मिळतो. संग्रहालयांच्या सुट्टीचे वार आधी पाहून कार्यक्रम आखावा.

आहाराविषयी थोडी सावधगिरी हवी. आर्मेनियन लोक मांसाहारी आहेत, पण त्यांच्या धर्मात ईस्टरपूर्वीचा दीर्घ उपवासकाळ असतो आणि त्या काळात मांस, अंडी, दूध वर्ज्य असते. अशा जेवणासाठी ‘पासुत्स’ हा शब्द आहे. ‘पासुत्स तोल्मा’ म्हणजे कडधान्ये भरलेल्या कोबीच्या पानांच्या गुंडाळ्या. ‘लवाश’ ही जमिनीतील तंदुरात भाजलेली पातळ भाकरी पीठ, पाणी आणि मिठाची असते. भात आणि सुकामेवा भरलेला भोपळा ‘घापामा’ नावाने मिळतो, पण त्यात मध घालतात. ‘जिंगालोव हात्स’ या रानभाज्यांच्या पोळीत हिरवा कांदा असू शकतो. कांदा, लसूण, बटाटा, मध वर्ज्य असलेल्यांनी तसे स्पष्ट सांगावे आणि जवळ खाखरे, थालीपीठ भाजणी ठेवावी. जर्दाळू मात्र निश्चिंतपणे खावेत. या फळाच्या शास्त्रीय नावातच आर्मेनियाचे नाव आहे.

आणखी एक गोष्ट आधीच माहीत असावी. गेघार्दसह काही मठांच्या परिसरात नवस फेडण्यासाठी पशू अर्पण करण्याची ‘मातघ’ नावाची जुनी प्रथा अजून आहे. सुट्टीच्या दिवशी ते दृश्य नजरेस पडू शकते. लहान मुले बरोबर असतील तर कामाच्या दिवशी सकाळी जाणे बरे. यजमानांच्या श्रद्धेवर तेथे वाद घालू नये. आपली अहिंसा आपल्या आचरणातून दिसावी.

आपल्या कपाटात काय आहे?

आर्मेनियन लोकांनी खंडणी देऊन ग्रंथ सोडवला. आपल्याकडेही अशी माणसे होती. मूडबिद्रीच्या ताडपत्रांवरील धवला-जयधवला ग्रंथ शतकानुशतके केवळ दर्शनासाठी बाहेर निघत. त्यांच्या नागरी प्रती व्हाव्यात यासाठी सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांच्यासारख्या व्यापाऱ्यांनी पुढाकार घेतला, द्रव्य उभे केले आणि अनेक वर्षे चिकाटी धरली. अखेर डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ साली अमरावतीहून षट्खंडागमाच्या धवला टीकेचा पहिला खंड छापून आला. दुकान सांभाळणाऱ्या माणसांनीच हे शक्य केले.

आज घरे बदलतात, वाडे पाडले जातात, माळ्यावरच्या पेट्या उघडतात. त्यांत पणजोबांच्या हातची मोडीतील खातेवही असते, रेशमी रुमालात बांधलेली पोथी असते, एखाद्या संघाचे जुने पत्र असते. ‘वाचता येत नाही’ म्हणून ते रद्दीत जाते. वाचता येत नसले तरी राखता येते. कोरड्या जागी सुती कापडात बांधून ठेवावे, वर काय आहे आणि कोणाकडून आले याची चिठ्ठी लावावी, छायाचित्रे काढून ठेवावीत. घरी सांभाळणे शक्य नसेल, तर पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेसारख्या हस्तलिखितांचा संग्रह असलेल्या संस्थेला किंवा आपल्या मंदिराच्या भांडाराला विचारावे.

ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी येते आणि कार्तिक शुद्ध पंचमीला ज्ञानपंचमी. कार्तिकातल्या त्याच दिवशी अनेक पेढ्यांवर लाभपंचमीचा मुहूर्त करून नवी वही उघडतात. वही आणि ग्रंथ यांची पूजा एकाच तिथीला करणाऱ्या समाजाने यंदा त्या दिवशी जुनी पेटीही एकदा उघडून पाहावी.